कोकणातली थोर माणसं आणि त्यांची गावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेचे प्रकल्प करणारी मुलं, सहली आखणारे शिक्षक आणि गाडी काढून निघालेले पर्यटक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना पानभर लागतं.

एकाच माणसाची दोन-दोन, तीन-तीन गावं का सांगतात? खरं गाव कोणतं?

बहुतेक वेळा सगळीच खरी असतात. पहिलटकरणीने बाळंतपणाला माहेरी जायचं, ही जुनी रीत. त्यामुळे मूल जन्मायचं आजोळी, वाढायचं वडिलांच्या गावी, शिकायला जायचं तालुक्याला आणि नाव कमवायचं मुंबई-पुण्यात. मग प्रत्येक गाव म्हणतं, ‘आमचे’.

नामदार गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. ते त्यांचं आजोळ. महर्षी धोंडो केशव कर्वे ‘मुरूडचे’ म्हणून ओळखले जातात, पण १८ एप्रिल १८५८ ला ते जन्मले खेड तालुक्यातल्या शेरवलीला, आजोळीच. भारतरत्न पां. वा. काणे जन्मले चिपळूणजवळ परशुराम-पेढ्याला आणि शिकले दापोलीला.

म्हणून लिहिताना ‘गाव’ हा शब्द एकटा वापरू नये. जन्मगाव, आजोळ, मूळगाव, शिक्षणाचं गाव, कर्मभूमी यांपैकी काय ते स्पष्ट लिहावं. प्रकल्पात सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथेच: मूळगावचा फोटो लावतात आणि खाली ‘जन्मस्थान’ छापतात.

लोकमान्य टिळकांचं जन्मगाव रत्नागिरी की चिखलगाव?

जन्म रत्नागिरी शहरातला, २३ जुलै १८५६. मूळगाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. जुन्या लेखनात चिखली असंही येतं. वडील गंगाधरपंत शिक्षक होते आणि नोकरीमुळे रत्नागिरीत राहत होते. मूळ नाव केशव. ‘बाळ’ हे घरातलं हाक मारायचं नाव, तेच पुढे टिकलं. १८६६ मध्ये कुटुंब पुण्याला गेलं, म्हणजे रत्नागिरीचा सहवास पहिल्या दहा वर्षांचाच.

रत्नागिरीत टिळक आळीतलं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. जांभ्या दगडाचं, उतरत्या छपराचं साधं कोकणी घर आहे ते. वाडा बघायला मिळेल असं समजून येणारे जरा हिरमुसतात. पण शिक्षकाचं घर ते, वाडा कुठून असणार?

कर्व्यांचं मुरूड बघायला निघालो आणि जंजिऱ्याला पोहोचलो. चूक कुठे झाली?

नकाशात नुसतं ‘मुरूड’ टाकलंत. जंजिऱ्याचं मुरूड रायगड जिल्ह्यात, कर्व्यांचं मुरूड रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात, कर्दे-हर्णैच्या पट्ट्यात. दापोलीपासून साधारण १२ किलोमीटर. शोधताना तालुका लावून शोधा.

अशी आणखी काही फसवी नावं आहेत. चिंतामणराव देशमुख, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३), जन्मले रायगडाच्या पायथ्याकडच्या महाड तालुक्यातल्या ‘नाते’ गावी. राजापूरचं ‘नाटे’ वेगळं, ते समुद्रकाठी. कान्होजी आंग्र्यांचा कुलाबा किल्ला अलिबागच्या समुद्रात आहे, मुंबईच्या कुलाब्याशी त्याचा संबंध नाही. आणि बाबासाहेबांचं मूळगाव मंडणगड तालुक्यातलं ‘आंबडवे’. घाईत ‘आंबवडे’ लिहिलं जातं आणि त्या नावाचं गाव घाटावर भोरकडे आहे. एका अक्षराने माणूस सह्याद्रीपलीकडे जातो.

जुन्या पुस्तकात मालवण ‘रत्नागिरी जिल्ह्यात’ दिलंय. ती चूक आहे का?

नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, तोवर मालवण, देवगड, वेंगुर्ले सगळं रत्नागिरीतच होतं. त्याच सुमारास कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. म्हणून रा. गो. भांडारकर (जन्म मालवण, ६ जुलै १८३७) किंवा पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर जुन्या पुस्तकांत ‘रत्नागिरीचे’ असतात. आज लिहिताना आजचा जिल्हा लिहावा आणि कंसात ‘तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा’.

‘भारतरत्नांचा तालुका’ म्हणजे दापोली, हे खरं का?

अभिमान रास्त आहे, पण हिशेब तपासून घ्यावा. कर्व्यांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं. काण्यांना १९६३ मध्ये, धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाच खंडांच्या प्रचंड कामानंतर. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. बाबासाहेबांना १९९० मध्ये, मरणोत्तर. या तिघांचंही बालपण किंवा शिक्षण कुठे ना कुठे दापोलीला चिकटलेलं आहे. बाबासाहेबांचं कुटुंब वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीच्या कॅम्पात होतं. पण जन्म मात्र तिघांपैकी एकाचाही दापोली तालुक्यातला नाही: शेरवली खेडमध्ये, पेढे चिपळूणमध्ये आणि महू थेट मध्य प्रदेशात.

चौथे कोकणी भारतरत्न विनोबा. ते जन्मले पेण तालुक्यातल्या गागोद्यात, ११ सप्टेंबर १८९५ ला. सन्मान १९८३ मध्ये, मरणोत्तर.

या यादीत बायका का नाहीत?

पुरस्कारांच्या यादीत नाहीत, इतिहासात आहेत. दापोली तालुक्यातच जन्मलेलं मोठं नाव हवं असेल तर ते रमाबाई आंबेडकरांचं. दापोलीजवळचं वणंद हे त्यांचं जन्मगाव. वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहण्याचं काम करत. आईवडील लवकर गेले, मुलं मामा-काकांबरोबर मुंबईला आली आणि १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर, त्यांचं लग्न लागलं. २७ मे १९३५ ला त्या गेल्या. वणंदला त्यांचं स्मारक आहे. आंबडव्याला जाणाऱ्या किती गाड्या वणंदला वळतात ते बघा, म्हणजे या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळेल.

दुसरं नाव बाया कर्व्यांचं. माहेर देवरुखचं, नाव गोदूबाई. बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ ला त्यांनी धोंडो केशवांशी पुनर्विवाह केला आणि मुरूडने दोघांना वाळीत टाकलं. आज त्याच मुरूडला कर्व्यांचं स्मारक आहे. बायांचं आत्मकथन ‘माझे पुराण’ मिळालं तर जरूर वाचा. अण्णांच्या, म्हणजे धोंडो केशवांच्या ‘आत्मवृत्ता’त जे सभ्यपणे एका वाक्यात येतं, ते बाया रोखठोक सांगतात: पैसे कुठून आले, घर कुणी चालवलं.

आणि झाशीच्या राणीचं काय, असं हमखास विचारलं जातं. लक्ष्मीबाईंचं सासरचं घराणं नेवाळकर. त्यांचं मूळगाव लांजा तालुक्यातलं कोट. राणीचा जन्म काशीचा. कोटला ‘राणीचं सासर’ म्हणा, माहेर म्हणू नका.

महाडचा सत्याग्रह नेमका कधी झाला? तारखा वेगवेगळ्या का दिसतात?

कारण चार घटना एकात मिसळतात. क्रम असा:

४ ऑगस्ट १९२३ : मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. त्याला धरून महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तो कागदावर राहिला.

२० मार्च १९२७ : महाडच्या पहिल्या परिषदेच्या दुसऱ्या दिवशी बाबासाहेब आणि हजारो लोक तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. परतलेल्या लोकांवर गावात हल्ले झाले. पुढे सनातन्यांनी पंचगव्य घालून तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं.

२५ डिसेंबर १९२७ : दुसरी परिषद, मनुस्मृतीचं दहन. या वेळी पाणी घेतलं गेलं नाही, कारण विरोधकांनी दिवाणी कोर्टातून मनाईहुकूम आणला होता. इथे बरेच निबंध घसरतात. ‘मनुस्मृती जाळून पाणी प्यायले’ असं लिहितात. दोन्हींत नऊ महिन्यांचं अंतर आहे.

१७ मार्च १९३७ : मुंबई हायकोर्टाचा निकाल, तळं सार्वजनिक. म्हणजे ओंजळभर पाण्याचा दावा दहा वर्षं चालला.

महाडला गेलात तर तळ्याबरोबर क्रांतिस्तंभही पाहा. दहनाचा प्रसंग त्या जागेशी जोडलेला आहे. २० मार्च आणि २५ डिसेंबरला गर्दी प्रचंड असते. शांतपणे बघायचं असेल तर दुसरा दिवस निवडा. गर्दीच बघायची असेल तर मात्र हेच दोन दिवस.

साने गुरुजींचं पालगड आणि पुस्तकातलं गाव एकच का?

हो. पांडुरंग सदाशिव साने २४ डिसेंबर १८९९ ला पालगडला जन्मले, तालुका दापोली. ‘श्यामची आई’तलं घर, नदी, दापोलीहून पायी येणं, सगळं तिथलंच. पुस्तक नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहून झालं. त्यातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हणतात, एकूण ४२.

वडील खोत होते, म्हणजे एके काळी घर खातंपितं. कर्ज आणि जप्तीने ते खाली आलं. मुलांना हे सांगून मग पुस्तक वाचायला द्या. नाहीतर ‘गरीब ब्राह्मणाची गोष्ट’ एवढंच उरतं आणि खोती म्हणजे काय हे कुणी विचारतच नाही.

मग खोती म्हणजे काय, आणि तिचा या थोरामोठ्यांशी संबंध काय?

खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला सारा वसूल करणारा वतनदार. कूळ राबायचं आणि पिकाचा मोठा वाटा खोताकडे जायचा. या पद्धतीविरुद्धचा सगळ्यात चिवट लढा अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात झाला. २७ ऑक्टोबर १९३३ पासून शेतकऱ्यांनी जमीन कसायचीच नाही असं ठरवलं आणि परिसरातली २५ गावं सुमारे सहा वर्षं त्यावर टिकली. नेते नारायण नागू पाटील. घरात दाणा नसताना लोक लाकूडफाटा विकून, कंदमुळं खाऊन राहिले. बाबासाहेबांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ च्या कूळ कायद्यामागे हा संप आहे. शालेय पुस्तकांत याला दोन ओळी मिळतात, ही तक्रार आहे आणि ती राहील.

कान्होजी आंग्रे चाचे होते का?

इंग्रजांच्या कागदांत तसं आहे. व्यवहार असा होता: आंग्र्यांच्या पाण्यातून माल न्यायचा तर त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यायचा. पोर्तुगीज आपल्या भागात हेच करत आणि त्याला कायदा म्हणत. इंग्रजांनी दस्तक नाकारलं, कान्होजींनी गलबतं धरली. ते मराठा आरमाराचे सरखेल होते. १७२१ च्या अखेरीस इंग्रज-पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. ४ जुलै १७२९ ला कान्होजी वारले. पुढे १७५६ मध्ये विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं ते इंग्रजांनी, पेशव्यांच्या साथीने. हे वाचताना अजूनही अलिबागकर गप्प होतो.

त्यांची समाधी अलिबाग शहरात, जमिनीवर आहे. किल्ल्यात शोधू नका.

कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं म्हणतात. वेळ कशी काढायची?

ओहोटीला जाता येतं. वेळ काढायची कोळ्यांची रीत सोपी: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. तीज असेल तर ३ × ३ ÷ ४ = सव्वादोन; म्हणजे दुपारी आणि पहाटे सव्वादोनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवा, सकाळी सव्वाआठला पूर्ण ओहोटी. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं कोष्टक किंवा किनाऱ्यावरच्या माणसाला विचारून पक्कं करा.

अष्टमीला हाच हिशेब ओहोटी भर दुपारी बाराला दाखवतो. पण त्या दिवसांत भांग असते; पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, आणि चालत निघालेला माणूस कमरेइतक्या पाण्यात सापडतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप हटतं, पण ओहोटी अगदी पहाटे आणि संध्याकाळी येते. म्हणून सोयीचे दिवस द्वितीया ते चतुर्थी: पाणी चांगलं हटलेलं आणि वेळ सकाळी साडेसात ते नऊ.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरल्यावर तासाभरात किनाऱ्याला लागा. आत सिद्धिविनायकाचं देऊळ बघण्यात, गोड्या पाण्याची विहीर बघण्यात वेळ जातो आणि परतीचं पाणी वाढलेलं असतं. लोक अडकतात ते जाताना नाही, येताना. चपला काढू नका. खडकावरची कालवं पाय कापतात. पावसाळ्यात हा बेत नकोच.

मालवणच्या सिंधुदुर्गाला मात्र होडीच लागते (बांधकामाचा मुहूर्त २५ नोव्हेंबर १६६४). मे अखेरीपासून पावसाळा संपेपर्यंत होड्या बंद असतात. जुलैत जाऊन किनाऱ्यावरून फोटो काढून परतणारे दरवर्षी दिसतात.

रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या राजाचा राजवाडा कसा?

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि थिबा राजाला एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. रेल्वे नाही, पावसाळ्यात समुद्रही बंद. कैदी विसरला जावा अशी जागा. आजचा थिबा राजवाडा १९१० चा, म्हणजे आयुष्याची शेवटची सहाच वर्षं तो तिथे राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. राणी सुपायालत १९१९ मध्ये मायदेशी परतली, थोरल्या राजकन्येचा वंश मात्र रत्नागिरीतच रुळला.

आता जोड पाहा. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पाठवलं कुठे, तर मंडालेला. मंडालेचा राजा रत्नागिरीत, रत्नागिरीचा लोकमान्य मंडालेत. थिबा नव्या राजवाड्यात आला त्या १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळक तिकडे ‘गीतारहस्य’ लिहीत होते. राजवाडा आणि टिळक आळी एकाच दिवशी बघा.

समाधी राजवाड्याच्या आवारात नाही, शहरात वेगळ्या जागी आहे. राजवाड्यात वस्तुसंग्रहालय आहे. सरकारी संग्रहालयांना सहसा सोमवारी सुट्टी असते, ते बघून जा.

पतितपावन मंदिर सावरकरांनी बांधलं ना?

प्रेरणा त्यांची, पैसा भागोजीशेठ कीर यांचा. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारण करायचं नाही ही अट. त्या काळात जातिभेद मोडण्यासाठी सहभोजनं झाली, शाळांत मुलं एकत्र बसवली गेली. सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असलेलं हे मंदिर फेब्रुवारी १९३१ मध्ये उघडलं. भागोजीशेठ स्वतः भंडारी समाजातले, मजुरीपासून मोठे कंत्राटदार झालेले. त्यांना वगळून मंदिराची गोष्ट सांगणं म्हणजे अर्धीच सांगणं.

जन्मतारखा दोन-दोन का मिळतात? कोणती लिहू?

दोन कारणं. एक, तिथी आणि तारखेची गल्लत. शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण १ जानेवारीनंतरच्या, म्हणजे माघ-फाल्गुनातल्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. ७८ मिळवले तर १६२९ येतं, बरोबर १६३०. राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. तिथे ७८ च चालतात, १६७४. रायगडावर राज्याभिषेक सोहळा ६ जूनला आणि तिथीला असा दोनदा होतो, म्हणून गडावर जायचं ठरवण्याआधी पंचांग उघडा.

दुसरं, महत्त्वाच्या घटनेचा दिवस जन्मदिवसाला चिकटतो. ६ जानेवारी हा बाळशास्त्रींच्या ‘दर्पण’ या वर्तमानपत्राचा दिवस, पहिला अंक १८३२ चा. तीच तारीख कितीतरी ठिकाणी बाळशास्त्रींची जयंती म्हणून छापली जाते. केशवसुतांच्याही दोन तारखा चालतात, १५ मार्च आणि ७ ऑक्टोबर १८६६. अशा वेळी दोन्ही द्याव्यात. मृत्यूची तारीख मात्र पक्की, ७ नोव्हेंबर १९०५, हुबळीला, प्लेगने. मालगुंडचं त्यांचं स्मारक गणपतीपुळ्यापासून दोन किलोमीटरवर आहे; देवळात रांग लावणाऱ्यांपैकी फार थोडे तिथवर जातात.

दापोलीला मुक्काम ठेवून दोन दिवसांत काय होईल?

पहिला दिवस मुरूड, वणंद आणि दापोली. दुसरा दिवस पालगड आणि आंबडवे. खेड हे जवळचं रेल्वे स्थानक. किलोमीटरवर जाऊ नका; घाटवळणांत तासाला तीस किलोमीटर धरा. एसटीने जाणार असाल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारा. काही गावांत संध्याकाळची गाडी वस्तीला येते, ती परत निघते सकाळी.

यातली बरीच घरं संग्रहालयं नाहीत. कुलूप असेल तर शेजारी किंवा ग्रामपंचायतीत किल्लीची चौकशी करा, दुपारी एक ते तीन टाळा. ओटीवर चपला काढा. घरात कुणी राहत असेल तर माजघराचे फोटो विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्रकल्पासाठी गावातल्या वयस्कर माणसांना काय विचारावं?

‘ते कसे होते?’ असं विचारू नका. पाठ्यपुस्तकातलं उत्तर मिळेल. घर कुणाच्या नावावर होतं, विहीर कुणाची, शाळेला कोणत्या वाटेने जायचे, साकव कुठे होता, गाव सोडून कोण कधी मुंबईला गेलं, हे विचारा. घराण्याचा कुळवृत्तांत छापलेला असेल तर वंशावळीसाठी उपयोगी. स्तुतीचा भाग सोडून द्या, आणि हेही लक्षात ठेवा की अशा वंशावळींत बऱ्याचदा मुलींची नावं नसतात. रत्नागिरीचं १८८० चं इंग्रजी गॅझेटियर त्या काळची बंदरं, पिकं, रस्ते आणि लोकसंख्या यांसाठी उत्तम आहे. त्यात या माणसांपैकी बहुतेकांची नावं सापडणार नाहीत, कारण तेव्हा टिळक चोवीस वर्षांचे, कर्वे बावीस वर्षांचे आणि काणे नुकते जन्मलेले होते.